मंगळवारची पाचवी बाई

“हिला घ्या. हिला तोंड नाही, आणि नवरा पर्मनंट आहे.”

हे वाक्य माझ्याबद्दलचं. मी ऐकू नये म्हणून कुणी ते हळू म्हटलं नव्हतं. ऐकलं तरी मला कळणार नाही अशी खात्री होती, म्हणून चांगलं खणखणीत म्हटलं होतं. आमच्या सामाईक नळापाशी कपडे धुण्याचा दगड आहे. त्यावर चादर आपटत कस्तुरीअक्का हे म्हणाली, शेजारी सेल्वी बादली भरत होती, आणि हातभर अंतरावर मी श्रीनिचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, युनिफॉर्म पिळत होते. मी पिळत राहिले. तमिळ मला समजायला लागली होती. बोलता मात्र येत नव्हती, आणि जी बोलत नाही तिला समजतही नाही असं सगळीकडे धरून चालतात.

मी मिरजेची. लग्न करून चेन्नईला गेली असं माहेरी सगळ्यांना सांगतात. खरं तर चेन्नई संपते आणि कारखाने सुरू होतात त्या इरुंगाट्टुकोट्टैपाशी मी आले. श्रीनि तिथल्या गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी बघतो. त्याच्या घरचे तंजावरकडचे मराठी, आता एग्मोरला असतात. आम्ही दोघं इथे ‘पोर्शन’मध्ये. पोर्शन म्हणजे अंगणाभोवती ओळीने बांधलेली भाड्याची दोन-दोन खोल्यांची घरं. वरच्या मजल्यावर मालकीण राहते. तिला सगळे ‘हाऊस ओनर’ म्हणतात, जसं काही बारशाला तेच नाव ठेवलं होतं. मला म्हणतात ‘बॉम्बे पोण्णू’, बॉम्बेची पोरगी. मिरज कुठे आणि बॉम्बे कुठे, हे समजावून सांगण्याइतकी माझी तमिळ नाही. त्यामुळे मी बॉम्बेचीच.

श्रीनि पर्मनंटही नाही. त्याचं कंत्राट दरवर्षी नव्याने होतं. पण निळा युनिफॉर्म आणि न्यायला येणारी कंपनीची बस एवढ्या पुराव्यावर अंगणाने त्याला पर्मनंट करून टाकलं होतं. कंपनीला जे इतक्या दिवसांत जमलं नाही ते.

न बोलणाऱ्या माणसाकडे किस्से साठत जातात. बोलणारी माणसं एक ऐकतात, एक सांगतात, मोकळी होतात. माझ्याकडे नुसती आवक. या अंगणातली बरीचशी आवक एकाच ठिकाणची आहे: मंगळवारची ‘कुळू’. कुळू म्हणजे गट. आपल्याकडचा बचत गट नव्हे, कर्जाचा गट. एका छोट्या-छोट्या कर्जांच्या कंपनीकडून पाच बायकांनी मिळून कर्ज घ्यायचं. तारण काही नाही. एकीला हप्ता जमला नाही तर उरलेल्या चौघींनी तो भरायचा, हेच तारण. आणि मला घ्या म्हणत होत्या ती त्यातली पाचवी जागा. ती भरेपर्यंत कुणालाच नवं कर्ज नव्हतं. सगळ्यात घाई सेल्वीला होती. तिच्या मुलीला, दिव्याला, नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. फी भरली नाही तर ती जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती.

आता पहिल्यापासून सांगते.

*

मंगळवारची मीटिंग हाऊस ओनरच्या पोर्चमध्ये भरते. गाडी नाही, पोर्च आहे. चटई अंथरायची, बायकांनी ओळीत बसायचं, मग मोटरसायकलवरून कंपनीचे सर येतात. सरांचं नाव प्रभू, वय माझ्याएवढंच असेल. बायका त्यांना ‘सर’ म्हणतात आणि रागावल्या की ‘तंबी’, धाकटा भाऊ. आधी सगळ्यांनी मिळून शपथ म्हणायची: हप्ता वेळेवर भरू, एकमेकींच्या अडचणीला उभ्या राहू. नंतर पैसे. नियम असा की पाचही जणींचे पैसे पुरे झाल्याशिवाय कुणी जागचं उठायचं नाही.

एकदा मेरीचे पैसे कमी पडले. मेरी शेवटच्या पोर्शनमधली. तिचा नवरा कुणाकडून तरी उसने आणायला गेला होता आणि बायका बसून होत्या. तेवढ्यात कस्तुरीअक्काच्या घरातून दूध करपल्याचा वास आला. अक्का उठायला लागली.

“अक्का, बसा. एक उठली की सगळ्या उठतात,” सर म्हणाले.

“तंबी, घर पेटेल.”

सरांनी जरा विचार केला. त्यांना नियम मोडता येईना आणि घरही पेटू देता येईना. शेवटी ते स्वतः उठले, अक्काच्या उंबऱ्याबाहेर बूट काढले, आत गेले, गॅस बंद केला, पातेलं मोरीत ठेवलं आणि भाजलेलं बोट तोंडात घालून बाहेर आले.

अक्का शांतपणे म्हणाली, “इतक्या वर्षांत कंपनीने केलेली ही पहिली मदत.”

सगळ्या हसल्या. सरही हसले. मग पुन्हा सगळ्या बसून राहिल्या, कारण मेरीचा नवरा अजून आला नव्हता.

*

कर्ज कशासाठी घेतलं, हे कंपनीला फोटोसकट लागतं. बायकांची खरी कारणं म्हणजे गळकं छप्पर, नणंदेचं बाळंतपण, आधीचं कर्ज. त्यांचा फोटो काढून काय दाखवणार? म्हणून सगळ्यांचा एकच धंदा: शिवणकाम.

अंगणात शिलाई मशीन एकच. ते सेल्वीचं. फोटोच्या दिवशी ते घरोघर फिरायचं. मी बोलत नसले तरी हातपाय धड आहेत हे सगळ्यांना दिसत होतं, त्यामुळे मशीनचं एक टोक माझ्याकडे असायचं. सेल्वीच्या घरून मेरीच्या घरी, मेरीच्या घरून तिच्या शेजारणीच्या घरी. प्रत्येक ठिकाणी बाई मशीनसमोर बसायची, चाकावर हात ठेवायची, सर मोबाइल उभा धरायचे.

तिसऱ्या घरी पोचल्यावर सरांनाच राहवेना. “अक्का, निदान त्यावरचं कापड तरी बदला.”

“कापड कशाला?” कस्तुरीअक्का दारातून म्हणाली. “बाई बदलली आहे ना.”

सरांनी फोटो काढला. जाताना मशीन परत सेल्वीकडे न्यायला त्यांनीही हात लावला.

*

हे ऐकून कुणाला वाटेल की सगळाच कारभार खोटा. तसं नाही. कस्तुरीअक्काचा ग्राइंडर खरा आहे. अक्का इडली-डोशाचं पीठ विकते. इथे त्याला ‘मावु’ म्हणतात. कारखान्यांतली पोरं चार-सहा जण मिळून खोली घेऊन राहतात, त्यांना वाटायला कुठला वेळ. पूर्वी अक्का आट्टुकल्लावर, म्हणजे दगडी रगड्यावर, वाटायची. पहिल्या कर्जातून तिने मोठा ग्राइंडर घेतला. कर्ज फेडलं, दुसरं घेतलं, त्यातून जुना फ्रीज आला. त्याआधी ती ज्या माणसाकडून पैसे घ्यायची तो रोज दारात यायचा आणि दारात उभा राहून जे बोलायचा ते तिने मला कधी सांगितलं नाही. इतरांनी सांगितलं. तो आता येत नाही. हे कंपनीमुळेच झालं, आणि ते अक्काही मान्य करते.

तर कंपनीला तिचा व्हिडिओ हवा होता. वरच्या ऑफिसातून एक बाई आल्या. छान हातमागाची साडी, गोड आवाज. अक्काला ग्राइंडरशेजारी बसवलं.

“कर्ज मिळण्याआधी तुम्ही काय करायचात?”

“मावु विकायची.”

“आणि आता?”

“मावु विकते.”

बाईंनी हसून मान हलवली. “म्हणजे, तुमच्या आयुष्यात बदल काय झाला? मनातलं सांगा.”

अक्काने खरंच विचार केला. समोरच्या ग्राइंडरकडे बघितलं, मग मांडीवरच्या हातांकडे.

“पूर्वी हात दुखायचे,” ती म्हणाली.

बाई थोडा वेळ पुढच्या वाक्याची वाट बघत थांबल्या. मग म्हणाल्या, “पुन्हा एकदा घेऊ या.” दुसऱ्यांदा अक्काने बाईंनी सांगितलेलं म्हटलं, स्वाभिमान वगैरे. तेच कंपनीने ठेवलं असणार. माझ्या मते पहिलं जास्त चांगलं होतं.

*

रविवारी आम्ही एग्मोरला जातो, श्रीनिच्या काकांकडे. त्यांची मराठी आपल्या मराठीहून जुनी आहे. पणजीच्या पिढीतले शब्द, आणि चाल तमिळ. सुरुवातीला मला हसू यायचं. त्यांनाही माझ्या मराठीचं येत असणार, पण ती माणसं सभ्य आहेत. त्यांचं बोलणं मी इथे माझ्या मराठीत लिहिते आहे.

काका बँकेतून रिटायर झालेले. मी कुठल्या अंगणात राहते हे कळल्यापासून त्यांना हा विषय फार प्रिय झाला. “जॉइंट लायबिलिटी,” ते कॉफीचा डबरा, म्हणजे पसरट वाटी, उंच धरून म्हणाले, “काय सुंदर कल्पना आहे! गरीब माणूस पैसे बुडवत नाही. त्याला फक्त विश्वास हवा असतो. आम्ही आयुष्यभर बँकेत बसून कर्जं दिली, पण ज्याच्याकडे आधीच आहे त्यालाच दिली. गरिबाला कर्ज देणं ही खरी सेवा.”

काकू मुरुक्कूची, म्हणजे तिथल्या चकलीची, ताटली ठेवत होत्या. “मग काल मुनिअम्माने कर्ज मागितलं, तेव्हा ‘नाही’ कशाला म्हणालात?”

मुनिअम्मा त्यांच्याकडे माझ्या नवऱ्याच्या जन्माआधीपासून काम करते. ती त्या वेळी स्वयंपाकघरात होती आणि भांड्यांचा आवाज एकदम कमी झाला.

“ती वेगळी गोष्ट,” काका म्हणाले. “मुनिअम्मा आपल्या घरातली आहे.”

मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तू तर रोज बघतेस. फायदा होतो की नाही? येस ऑर नो?”

मी मुरुक्कू खाल्लं. त्याचा एक फायदा असतो. ते तोंडात असेपर्यंत कुणी उत्तराची अपेक्षा करत नाही.

*

सेल्वी माझ्या शेजारच्या पोर्शनमध्ये राहते. ती एका कारखान्याच्या कँटीनमध्ये कंत्राटदाराकडून काम करते. नवरा आहे, पण गावाकडे. त्याच्याबद्दल ती एवढंच सांगते की तो गावाकडे आहे. दिव्याने मला तमिळ अक्षरं शिकवली, मी तिला हिंदी. त्यातून आजूबाजूची तीन-चार मुलं हिंदीच्या परीक्षांसाठी माझ्याकडे यायला लागली आणि माझे स्वतःचे थोडे पैसे सुरू झाले.

एकदा दिव्याला वार शिकवत होते. सोमवार, मंगलवार.

“अक्का, आमच्याकडे सोपं आहे,” ती म्हणाली. “मंगळवार म्हणजे प्रभू सर. गुरुवार म्हणजे दाढीवाले सर. शनिवार म्हणजे त्या ओरडणाऱ्या मॅडम.”

म्हणजे तीन कंपन्या. मंगळवारचा हप्ता चुकू नये म्हणून गुरुवारची, गुरुवारसाठी शनिवारची. पहिलं कर्ज मशीनचंच होतं, तेही खरं शिवायला घेतलेलं. मग समोरच्या रस्त्यावर तयार कपड्यांचं दुकान निघालं आणि ब्लाउज शिवून घेणाऱ्या बायका तिकडे गेल्या. मशीन राहिलं, हप्ता राहिला. सेल्वी कँटीनमध्ये लागली. गुरुवार आणि शनिवार आता फिटत आले होते, त्यामुळे मंगळवारचं नवं कर्ज तिला मिळू शकणार होतं. गटात बाई असली तर.

“अम्माचा आवडता वार कुठला, सांगू?” दिव्या म्हणाली. “रविवार.”

“सुट्टी असते म्हणून?” मी हिंदीत विचारलं.

“कँटीनला कुठली सुट्टी? रविवारी आमच्या दारात कुणी सर येत नाही.”

मग तिने वहीत ‘रविवार’ लिहिलं. अक्षर सुरेख आहे तिचं.

*

आता मेरीची गोष्ट. ही मला नळावरून ऐकावी लागली नाही. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिचं दार सरळ दिसतं.

मेरीच्या नवऱ्याचा हात कारखान्यात प्रेसमध्ये सापडला. तोही कंत्राटीच. हाताला बँडेज बांधून घरी बसला आणि घरात येणारे पैसे थांबले. मेरीचा हप्ता एकदा चौघींनी भरला. पुढच्या वेळीही भरला, जरा कमी बोलून. त्याच्या पुढच्या मंगळवारी सर म्हणाले, “तुम्ही किती दिवस भरणार? जाऊन बसा तिच्या दारात. मी सांगितलं असं मात्र म्हणू नका.”

दारात बसणं ही इथली पद्धत आहे. कुणी ओरडत नाही, शिव्या देत नाही. गटातल्या बायकांनी जिने पैसे दिले नाहीत तिच्या उंबऱ्यासमोर जाऊन बसायचं आणि पैसे मिळेपर्यंत उठायचं नाही. एवढंच. सगळं अंगण बघतं, रस्त्यावरून जाणारे बघतात, आणि त्याचसाठी ते असतं.

चौघी बसल्या. कस्तुरीअक्का, सेल्वी आणि दुसऱ्या दोघी. नाताळात मेरीने याच चौघींना केक वाटला होता, मलाही. आत टीव्ही चालू होता. मुद्दाम मोठा केला असावा. बाहेर बायका उडदाच्या डाळीच्या भावाबद्दल बोलत होत्या. पैशांचा विषय कुणीच काढला नाही. मी डाळीला फोडणी दिली, भात उतरवला, तरी त्या बसूनच.

मग दार उघडलं. मेरी बाहेर आली ती हातात ट्रे घेऊन. चार टंबलर, चहा.

“इतका वेळ उन्हात बसलात,” ती म्हणाली, “आणि मी विचारलंही नाही.”

चौघींनी चहा घेतला. घेताना कुणीही मान वर केली नाही. मेरीने दार लावून घेतलं. चहा पिऊन झाल्यावर सेल्वी उठली, चारही टंबलर नळावर नेऊन घासले, नीट निथळवले, आणून मेरीच्या उंबऱ्यावर पालथे घातले.

आणि परत येऊन आपल्या जागेवर बसली.

संध्याकाळी मेरीने कुठूनतरी पैसे आणून दिले. पुढच्या मंगळवारी तिच्या गळ्यात साखळी नव्हती, हे सगळ्यांनी बघितलं. सर खूश होते. “बघा,” ते म्हणाले, “बसलं की होतं.”

महिना संपायच्या आत मेरीने घर सोडलं. टेम्पोत सामान चढवायला कस्तुरीअक्काच सगळ्यात पुढे होती. अशी पाचवी जागा रिकामी झाली.

*

एका सकाळी कस्तुरीअक्का माझ्या दारात आली. हातात मावुचा डबा. पैसे द्यायला गेले तर म्हणाली, “असू दे, कण्णू.” कण्णू म्हणजे बाळ.

मग तिने हातवारे करून, सावकाश, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं मला समजावलं. दुसऱ्या बायकांच्या नावावर आधीच जास्त कर्जं होती, सरांच्या मोबाइलमध्ये नाव टाकलं की नकार यायचा. माझं नाव कोरं. मी थोडंसं कर्ज घ्यायचं, हवं तर न खर्चता तसंच फेडायचं. फक्त ओळीत बसायचं. आणि कुणाला जमलं नाही तर... ते वाक्य तिने हातानेच पुरं केलं.

मी मान हलवली. या मानेचा अर्थ इथे ‘हो’ होतो की ‘कळलं’, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. तिलाही उमगलं नसावं.

श्रीनिला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. “लोक अशाच सह्या करतात आणि अडकतात. फायदा तरी होतो का त्यांना याचा?”

काकांनी विचारलेला तोच प्रश्न. या वेळी तोंडात काही नव्हतं.

“कस्तुरीअक्काला झाला,” मी म्हणाले. “मेरीला नाही. सेल्वीचं अजून ठरायचंय.”

“आणि ते आपण ठरवायचं?”

“कंपनीने तसंच केलंय. ते स्वतः काहीच ठरवत नाहीत. बायकांनी एकमेकींचं ठरवायचं.”

श्रीनिने उरलेला भात संपवला. मग ताट उचलताना म्हणाला, “सही तुझी, ट्यूशनचे पैसेही तुझे. पण हो म्हणालीस आणि भरायची वेळ आली, तर तोंड वाकडं न करता भरावे लागतील.”

कंत्राटी माणसाच्या मानाने हे बरंच पर्मनंट बोलणं होतं.

सेल्वीने मात्र मला एकदाही विचारलं नाही. नळावर भेटायची, हसायची, बादली उचलून जायची. शेवटी एक दिवस बादली खाली ठेवून ती माझ्याशी बोलली. हातवारे न करता, नेहमीच्या वेगाने. तिला बहुधा पहिल्यापासून माहीत होतं की मला समजतं.

“अक्का तुझ्या मागे लागलीय. तुला नको असेल तर नको म्हण. मला राग येणार नाही.”

“दिव्या?” मी विचारलं. एवढाच शब्द आला.

“दिव्याला येईल,” ती म्हणाली. “पण ती लहान आहे. विसरेल.”

बादली उचलताना तिने पाणी जराही हिंदकळू दिलं नाही.

*

नवा गट पक्का व्हायचा तर एक परीक्षा असते. नेहमीचे सर नाही, वरचे मॅनेजर येतात आणि ओळीतल्या बायका एकमेकींना खरंच ओळखतात का ते तपासतात. एकीला उठवून दुसरीच्या नवऱ्याचं नाव विचारतात, तिचं घर दाखवायला सांगतात. एक चुकली की गट नापास.

कस्तुरीअक्काने मला पढवून ठेवलं होतं. “काहीही विचारलं तरी ‘आमा, सर’ म्हण.” आमा म्हणजे हो. “बाकी मी बघते.”

मंगळवारी मी पहिल्यांदा त्या चटईवर बसले. ओळीत शेवटची, सेल्वीशेजारी. दिव्या वरच्या गॅलरीत हाऊस ओनरचे कपडे वाळत घालायच्या निमित्ताने उभी होती आणि एकच टॉवेल पुन्हा पुन्हा झटकत होती. मॅनेजर आले. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर विभूती, आवाज मऊ. प्रभू सर मागे हात बांधून उभे. आज त्यांचीही परीक्षा होती.

शपथ झाली. नावं झाली. मला कस्तुरीअक्काच्या घराकडे बोट दाखवायला सांगितलं, मी दाखवलं. सेल्वीच्या मुलीचं नाव विचारलं, मी सांगितलं. प्रभू सरांच्या खांद्यांवरचा ताण गेला.

“शेवटचा प्रश्न,” मॅनेजर म्हणाले. “या पाचजणींतल्या एकीला हप्ता जमला नाही तर?”

“आम्ही भरू, सर,” चौघी एका सुरात म्हणाल्या.

“आणि तिने ऐकलंच नाही तर?”

“जाऊन तिच्या दारात बसू, सर.”

हे कुणी शिकवलेलं नव्हतं. सवयीने आलं. मॅनेजर प्रभू सरांकडे बघून हसले, शाबासकी दिल्यासारखे. मग त्यांची नजर ओळीच्या टोकाला आली. माझे ओठ हलले नव्हते, हे त्यांना दिसलं होतं.

“ही काही बोलली नाही?”

“नवीन आहे, सर,” कस्तुरीअक्का घाईने म्हणाली. “बॉम्बे पोण्णू. भाषा येत नाही. ती पण आमा म्हणतेय, सर.”

“तिला म्हणू दे,” मॅनेजर म्हणाले, आणि माझ्याकडे वाकून इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून विचारलं, “यू... विल... पे?”

वरचा टॉवेल झटकायचा थांबला. सेल्वी चटईची सुटलेली काडी ओढत होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. बघायचं नाही असं तिने ठरवलेलं असावं. कस्तुरीअक्का डोळे मोठे करून मला मान हलवून दाखवत होती: आमा. आमा, सर.

मी मॅनेजरांकडे बघितलं नाही. चटईवरच वळून बसले, चौघी दिसतील अशी. आणि माझ्या मोडक्या तमिळमध्ये, मिरजेच्या हेलात, त्यांना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

“अक्का, पैसे मी भरीन. कुणाच्या दारात बसणार नाही.”